वाडा भाड्याने मिळतो

डेव्हिड लोअरी या दिग्दर्शकाचा 'एन्ट देम बॉडीज सेंट्स' हा चित्रपट २०१३ साली आला. सुरुवातीलाच पडद्यावर पाटी येते, की ही गोष्ट टेक्सासातली आहे. काळ सत्तरच्या दशकाचा, माणसं टेक्सासची, दिग्दर्शकही टेक्सासातच वाढलेला. शूटिंगचा मोठा भाग मात्र शेजारच्या लुइझियाना राज्यात, श्रीव्हपोर्टच्या आसपास झाला. लुइझियाना २००२ पासून चित्रपटांना घसघशीत करसवलत देतं, आणि छोट्या बजेटला राज्याची सीमा ओलांडायला तेवढं कारण पुरतं. श्रीव्हपोर्टला त्यासाठी माणसं आणि सामानही तयार होतं, कारण २००५ च्या कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लीन्सची बरीच कामं तिकडे हलली होती.

महाराष्ट्रातले वाद इथे अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात बसून वाचताना ही पाटी डोक्यातून जात नाही. दर दोन-तीन महिन्यांनी तेच सुरू होतं. मोठा हिंदी चित्रपट आला, मराठीचे खेळ काढले, कुणी थिएटरवर मोर्चा नेला, सरकारने बैठक बोलावली. मल्टिप्लेक्सने प्राइम टाइमला मराठी चित्रपट दाखवायचा नियम २०१५ साली जाहीर झाला, त्याला दहा वर्षं उलटली, तरी गाडी त्याच स्टेशनात उभी आहे. त्याला समांतर दुसरा वाद चालतो : चित्रपटात जात कशाला काढता, गावाची बदनामी कशाला करता, चांगलं काही दाखवा की. हे दोन वाद वेगवेगळ्या पानांवर छापले जातात आणि वेगवेगळी माणसं ते घालतात. माझं म्हणणं असं, की हा एकच वाद आहे. चित्रपटाला पैसा कशासाठी मिळतो, यावर त्या जागेतलं काय दिसणार आणि काय झाकलं जाणार हे ठरतं. अमेरिकेच्या दक्षिणेतले छोटे, स्वतंत्र चित्रपट याचा चांगला आणि वाईट असा दोन्ही पुरावा देतात.

इथे 'सदर्न गॉथिक' म्हणतात तो प्रकार साहित्यातून आला. मिसिसिपीचे विल्यम फॉकनर, जॉर्जियाच्या फ्लॅनरी ओ'कॉनर ही त्यातली ठळक नावं. त्यात भूत असेलच असं नाही. पडायला आलेलं घर, अंगाला चिकटणारा उकाडा, धर्माचा धाक, आणि घरात सगळ्यांना ठाऊक असूनही कुणी तोंडातून काढत नाही अशी एक गोष्ट, एवढ्यावर तो उभा राहतो. त्यात प्रेमकथा आली की तिचं वजन बदलतं. दोन माणसं एकमेकांवर प्रेम करतात तेव्हा त्या घराचं, त्या जमिनीचं जुनं देणं त्यांच्या मध्ये येऊन बसतं. ते त्यांनी केलेलं नसतं, पण फेडायला तेच असतात.

दक्षिणेत हे नुसतं कल्पनेतलं नाही. रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग हे गोरा नवरा आणि काळी बायको १९५८ साली व्हर्जिनियात स्वतःच्या झोपायच्या खोलीतून अटक झाले. गुन्हा एवढाच, की त्यांनी लग्न केलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १२ जून १९६७ ला तो कायदा रद्द केला, तेव्हा १६ राज्यांत अशी बंदी होती. अलाबामाच्या राज्यघटनेतलं ते कलम काढायला २००० साल उजाडलं, आणि त्या मतदानातही साधारण ४० टक्के लोकांनी ते ठेवावं म्हणून मत दिलं. हॉलिवूडच्या स्वतःच्या नियमावलीने १९३४ पासून कित्येक वर्षं काळ्या-गोऱ्यांचं प्रेम पडद्यावर दाखवायलाच मनाई केली होती. म्हणजे इथल्या प्रेमकथेत घराचं दार लावून घेणं हा शृंगार कमी आणि धोका जास्त होता. मोठ्या स्टुडिओंनी जे टाळलं त्याकडे पुढे छोटे चित्रपट वळले, यात मला नवल वाटत नाही.

लोअरींच्या चित्रपटात वंशाचा प्रश्न नाही, पण सांगाडा तोच आहे. रूथ आणि बॉब हे तरुण जोडपं दरोड्याच्या भानगडीत सापडतं. शेतावरच्या घरात पोलिसांशी गोळीबार होतो. रूथच्या गोळीने पॅट्रिक नावाचा डेप्युटी शेरीफ जखमी होतो आणि बॉब तो गुन्हा अंगावर घेतो. तो तुरुंगात जातो, तिला मुलगी होते. चार वर्षांनी तो पळून तिच्याकडे यायला निघतो, आणि तोवर तोच जखमी पोलीस हळूहळू तिच्या दाराशी यायला लागलेला असतो. दरोडा जवळजवळ दिसतच नाही. दिसतं ते वाट पाहणं, आणि 'ती गोळी कुणाची' हे ज्या घरात कुणी बोलत नाही ते घर. ब्रॅडफर्ड यंग यांना त्या वर्षी सनडान्स महोत्सवात छायाचित्रणाचा पुरस्कार मिळाला, त्यात हा चित्रपट होता. डॅनियल हार्ट यांच्या संगीतात टाळ्यांचा ठेका आहे. नावाजलेले नट होते, पुरस्कार होता, तरी अमेरिकेतल्या थिएटरांत त्याची कमाई चार लाख डॉलरच्या आसपासच राहिली. पडदा मिळत नाही ही तक्रार फक्त मराठीची नाही, हे यावरून कळावं. न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसच्या बाहेर असे चित्रपट अनेकदा एक आठवडा टिकतात आणि पुढे घरच्या पडद्यावरच जगतात.

आता या चित्रपटांचा 'मूड' आपल्याकडे उचलायची घाई दिसते. कंदील, धुकं, पडका वाडा, मंद हालचाल, एवढं जमलं की गॉथिक झालं असा समज आहे. त्यामुळे त्या मूडमागचं काम कसं असतं ते नीट सांगायला हवं, कारण कोकणात शूटिंग करणाऱ्याला अडचणी नेमक्या याच येतात.

संधिप्रकाशाचं घ्या. सूर्य बुडाल्यावर वापरता येण्यासारखा उजेड श्रीव्हपोर्टच्या अक्षांशावर पंचवीस-सव्वीस मिनिटं टिकतो. सिंधुदुर्गात तो बावीस-तेवीस मिनिटांतच संपतो, विषुववृत्ताच्या जवळ सूर्य अधिक सरळ बुडतो म्हणून. त्या वेळात हाताने धरलेल्या कॅमेऱ्याने दोन, फार तर तीन शॉट नीट होतात. दोन पानांचा संवाद ओसरीवर संध्याकाळी घ्यायचा असेल तर दोन संध्याकाळी धरायला हव्यात, आणि दुसऱ्या दिवशी ढग वेगळे असले तर तिसरी. पहिल्या संध्याकाळी रुंद शॉट आणि एका नटाची बाजू, दुसऱ्या संध्याकाळी दुसऱ्या नटाची, अशी वाटणी केली की जोड लागतो. तालीम मात्र दुपारी चारपासून त्याच जागी, त्याच कपड्यांत झालेली हवी. हे शेड्यूलमध्ये न धरता 'संध्याकाळी उरकू' म्हटलं, की दिग्दर्शक शेवटी अंधारात निळा दिवा लावून तीच संध्याकाळ खोटी उभी करतो, आणि ते दिसतं.

कंदिलाचीही तीच गत. खऱ्या कंदिलाच्या उजेडात नटाचा चेहरा हातभर अंतरापर्यंतच उजळतो. म्हणून काचेच्या मागच्या अंगाला, ज्योतीच्या आड, छोटा पिवळा बल्ब लपवतात आणि डिमरने हलका थरथरवतात. वायर नटाच्या बाहीतून किंवा टेबलाच्या पायाला धरून खाली सोडतात. काच आधी थोडी धुरकटवून घेतात, नाहीतर बल्ब टोचतो. चांदणं निळं करायचा मोह आपल्याकडे फार आहे. उघड्या डोळ्यांना चांदण्यात रंग फारसे कळतच नाहीत. निळा जितका कमी तितकी रात्र खरी वाटते.

सगळ्यात जास्त घात आवाजात होतो. जॉर्जियाची उन्हाळी रात्र आणि कोकणातली पावसाळ्यानंतरची रात्र, दोन्हीकडे रातकिडे अखंड असतात. रातकिड्याचा सूर साधारण चार-पाच हजार हर्ट्झच्या आसपास असतो, आणि आपल्या बोलण्यातला 'स', 'श', 'च' याचा धारदारपणाही त्याच पट्ट्यात येतो. म्हणून किडे गाळायला गेलं की नट बोबडा होतो. दुसरं असं, की रात्र गार होत जाते तशी किड्यांची किरकिर मंदावते. आठ वाजता घेतलेला शॉट आणि दोन वाजता घेतलेला शॉट शेजारी जोडला की मागचा ठेका एकदम बदलतो, आणि प्रेक्षकाला कारण न कळता खटकतं. उपाय साधा पण शिस्तीचा आहे : प्रत्येक मांडणीनंतर सगळ्यांनी जागच्या जागी गप्प उभं राहून दोन मिनिटं नुसता परिसराचा आवाज घ्यायचा, ध्वनिमुद्रकाने त्यावर वेळ आणि शॉटचा नंबर बोलून ठेवायचा, आणि एकाच संवादाच्या दोन्ही बाजू शक्यतो एकाच तासात उरकायच्या. पत्र्याच्या पडवीत पाऊस असेल तर संवाद तिथेच पुन्हा, कॅमेऱ्याशिवाय, नटांच्या तोंडाजवळ माइक धरून घ्यायचा. मुंबईला येऊन डबिंग करू म्हटलं तर नटाचा तो घामेजलेला, दमलेला आवाज डबिंगच्या गार खोलीत परत येत नाही.

दमट हवेचं एक. रात्री एसी खोलीत बावीस अंशांवर ठेवलेली लेन्स सकाळी बाहेर काढली, की तिच्यावर वाफ धरते, कारण बाहेरचा दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, चोवीस-पंचवीस अंशांवर असतो. पुसून उपयोग नाही, लगेच परत धरते. पेटी बंद ठेवूनच अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवावी लागते. म्हणजे सहाचा पहिला शॉट असेल तर कॅमेरा विभागाच्या मुलाने सव्वापाचला पेट्या अंगणात आणलेल्या हव्यात. हे कॉल शीटवर, म्हणजे त्या दिवसाच्या कामाच्या तक्त्यावर, लिहिलेलं नसेल तर पहाटेचा उजेड लेन्स पुसण्यात जातो.

इथवरचं सगळं शिकता येतं, पैसे टाकून माणसंही मिळतात. अडतं ते घरापाशी.

लुइझियानातल्या व्हाइट कॅसल गावचं 'नॉटोवे' हे १८५९ साली बांधलेलं मळेवाल्याचं घर दक्षिणेत यादवी युद्धाआधीच्या ज्या हवेल्या उरल्या होत्या त्यांत सर्वांत मोठं मानलं जायचं : ५३,००० चौरस फूट, पांढरे खांब, ६४ खोल्या. त्याच्या मालकाकडे १५५ गुलाम होते. अलीकडच्या काळात तिथे लग्नं लागायची, पाहुणे राहायचे, नवरा-नवरी त्या पांढऱ्या खांबांखाली फोटो काढायचे. १५ मे २०२५ ला आग लागून ते जळालं. त्यानंतर इथे जे उमटलं ते महत्त्वाचं होतं. वारसा गेला म्हणून कुणी हळहळलं, आणि ज्यांचे पूर्वज अशा मळ्यांवर राबले त्यांतल्या अनेकांनी मोकळेपणाने सांगितलं की आम्हाला दुःख झालेलं नाही. लग्नाच्या जाहिराती करणाऱ्या मोठ्या वेबसाइटांनी तर २०१९ सालीच अशा मळ्यांवरच्या लग्नांचं गुणगान थांबवायचं ठरवलं होतं. प्रेमकथेची पार्श्वभूमी म्हणून ते घर किती सुंदर दिसतं, यावर वाद नव्हताच. प्रश्न हा होता, की ते सुंदर दिसावं म्हणून कॅमेरा कुठे उभा करावा लागतो, आणि तिथून काय दिसत नाही.

आता वाईजवळचं मेणवली आठवा. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा घाट, आणि तिथे वर्षानुवर्षं चाललेली शूटिंगं. वाई परिसराने मराठी आणि हिंदीला इतकी गावं उभी करून दिली आहेत, की तिथल्या माणसांना कॅमेऱ्याचं अप्रूप राहिलेलं नाही. पण आपल्या चित्रपटांत आणि मालिकांत वाडा बहुतेक वेळा एकाच बाजूने दिसतो : दिंडी दरवाजा, चौक, तुळस, झोपाळा, माजघरातली समई. परसदार दिसत नाही. त्या वाड्याचं पाणी कोण भरायचं, आडाला कुणी शिवायचं नाही, धान्याची पोती कुणाच्या शेतातून आली, केशवपन झालेली आत्या कोणत्या खोलीत आयुष्यभर बसली, हे कॅमेऱ्याच्या मागे राहतं. वाडा भाड्याने मिळतो, दिवसाच्या हिशेबाने. त्याचा इतिहास भाड्यात येत नाही, तो पटकथेत आणावा लागतो.

अमेरिकेतली गुलामगिरी आणि आपली जातव्यवस्था एक नव्हेत. अमेरिकेत माणसाची खरेदी-विक्री होती, आपल्याकडे जन्माची उतरंड. पण हा धागा बाहेरून जोडलेला नाही, आपल्याच माणसांनी तो जोडला. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्यांच्या आणि अमेरिकेतल्या काळ्यांच्या स्थितीतलं साम्य मांडलं, आणि डु बॉइस यांनी त्याला उत्तर दिलं. हे डु बॉइस अनेक वर्षं अटलांटात शिकवत होते. पुण्यातल्या माणसाला दीडशे वर्षांपूर्वी जे दिसलं, ते मेणवलीला कॅमेरा लावणाऱ्याला आज दिसायला हरकत नसावी.

जागा बदलली की गोष्टीचं काय होतं याचं घरचं उदाहरण आपल्याकडे आहे. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ साली करमाळा परिसराच्या मातीत घडला. त्यात विहीर, ऊस, पाटलाचा बंगला हे सगळं जातीच्या हिशेबात होतं, त्यातली कोणतीही गोष्ट नुसती सजावट नव्हती. दोन वर्षांनी त्याचा हिंदी अवतार उदयपूरला नेला. तिथे महाल आले, तलाव आले आणि जात अंधुक झाली. निर्मितीमूल्यं कमी पडली म्हणून हे झालं नाही. गोष्ट ज्या जागेची देणेकरी होती ती जागाच काढून घेतली, म्हणून झालं.

पैशाचं बोलायला हवं, कारण वादाची सुरुवात तिथून होते.

जॉर्जियात २००८ पासून २० टक्के करसवलत आहे, आणि शेवटी राज्याचं पीचचं बोधचिन्ह दाखवलं की आणखी १० टक्के. एकूण ३० टक्के, वर्षाला वरची मर्यादा नाही. याने अटलांटा हे मोठ्या शूटिंगचं केंद्र झालं. हजारो सुतार, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, शिंपी यांना काम मिळालं, ते मी कमी लेखणार नाही. पण अट आहे किमान पाच लाख डॉलर राज्यात खर्च करण्याची. चार लाखांच्या चित्रपटाला शून्य. शिवाय ही सवलत रोख नसते. निर्मात्यावर जॉर्जियाचा कर लागत नसेल तर ती दुसऱ्या करदात्याला डॉलरपेक्षा कमी भावाने विकावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर लेखापरीक्षण सक्तीचं झालं, ते योग्यच होतं, पण पैसा हातात यायला त्यामुळे वेळ लागतो. तोवर निर्माता त्या भावी सवलतीवर कर्ज काढतो, आणि व्याज त्यातलाच वाटा खातं. मोठ्या स्टुडिओला हे पेलतं. परिणाम असा, की जॉर्जियाची गल्ली पडद्यावर न्यूयॉर्क, कोरिया, परग्रह काहीही होते, आणि जॉर्जियाची स्वतःची गोष्ट सांगणाऱ्या छोट्या चित्रपटाला त्या योजनेत दार नाही.

मिसिसिपीचं गणित वेगळं आहे. तिथे किमान खर्च ५०,००० डॉलर. स्थानिक खर्चाच्या २५ टक्के आणि स्थानिक माणसांच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम राज्य परत देतं, तीही रोख, सवलत विकण्याची भानगड नाही. समजा, राज्यात दीड लाख डॉलर सामान, जेवण, मुक्काम, भाडं यांवर गेले आणि एक लाख डॉलर स्थानिकांच्या पगारात. तर पहिल्यावर ३७,५०० आणि दुसऱ्यावर ३०,०००, मिळून ६७,५०० डॉलर परत. अडीच लाखांच्या चित्रपटाला हा जीवनमरणाचा फरक आहे. लुइझियानातही, तिथल्याच लेखकाची पटकथा असेल तर किमान खर्चाची अट तीन लाखांवरून ५०,००० वर येते. मला हे कलम फार मोलाचं वाटतं, कारण इथे सरकार जागेबरोबर त्या जागेच्या गोष्टीलाही पैसे देतं.

लबाडी इथेही होते. लुइझियानाच्या चित्रपट विभागाच्या एका माजी प्रमुखाने लाच घेतल्याचं २००७ साली न्यायालयात कबूल केलं. फुगवलेली बिलं, नात्यातल्या कंपनीकडून दाखवलेली भाडी, हे रोग सगळीकडे सारखेच. म्हणून स्वतंत्र लेखापरीक्षक आणि बँकेतूनच दिलेले पगार, या दोन अटींना सूट देऊन चालत नाही.

महाराष्ट्राची योजना याच्या उलट्या टोकाची आहे. चित्रपट पूर्ण झाल्यावर समिती तो पाहते, गुण देते, आणि गेली बरीच वर्षं अ दर्जाला ४० लाख, ब दर्जाला ३० लाख असं गणित आहे. हेतू चांगला आहे. मराठी चित्रपट टिकण्यात या पैशाचा वाटा आहे, हेही मान्य. पण पैसा शेवटी येतो, म्हणून सुरुवातीचा सगळा भार निर्मात्यावर पडतो, आणि ज्याच्या घरी पैसा नाही तो पहिल्याच पायरीवर थांबतो. दुसरं, निकाल समितीच्या आवडीवर आहे. कोणत्या गोष्टीला गुण मिळतील याचा अंदाज बांधत पटकथा लिहिली जाऊ लागली, की सगळ्यात आधी परसदाराचा प्रसंग कापला जातो. आणि तिसरं, तो चित्रपट सिंधुदुर्गात झाला की गोरेगावच्या सेटवर, तिथल्या किती माणसांना पगार मिळाला, याचा त्या गुणांशी फारसा संबंध राहत नाही.

माझी सूचना ही : दर्जाचं अनुदान राहू द्या, पण त्यातला एक हिस्सा वेगळा काढून तो खर्चाशी जोडा. मुंबई-पुण्याबाहेरच्या जिल्ह्यात, त्या जिल्ह्यातल्या माणसांना बँकेतून दिलेल्या पैशाचा चौथा हिस्सा परत द्या. किमान मर्यादा १५-२० लाखांच्या वर नेऊ नका. अर्धी रक्कम शूटिंग संपल्यावर साठ दिवसांत द्या, अर्धी लेखापरीक्षणानंतर. यात कुणाच्या पटकथेला गुण द्यायचे नाहीत. त्यामुळे 'बदनामी करणारा' आणि 'चांगलं दाखवणारा' दोघांना एकच नियम लागतो, आणि दुसरा वाद निदान सरकारी टेबलावर येत नाही.

परदेशातल्या आपल्या प्रेक्षकाची यात जबाबदारी आहे, आणि आपण ती नीट पार पाडत नाही. इथे मराठी चित्रपट बहुतेक वेळा महाराष्ट्र मंडळामार्फत शनिवार-रविवारच्या एखाद्या दुपारच्या खेळाला लागतो. पडदा तासाच्या भावाने घेतलेला असतो, तिकिटं आधी खपवावी लागतात, म्हणून मंडळ खात्रीचं नाव निवडतं : विनोदी, ऐतिहासिक, घरच्यांसोबत बघण्यासारखं. आठवणीतलं गाव बघायला आलेल्या माणसाला परसदार नको असतं. ही भूक मला समजते, पण तिच्यामुळे तिकडच्या निर्मात्याला चुकीचा निरोप जातो, हे आपण लक्षात घ्यायला हवं.

मीरा नायर यांचा १९९१ चा 'मिसिसिपी मसाला' या भागातल्या प्रत्येक भारतीयाने पाहावा. युगांडातून १९७२ साली हाकललेलं कुटुंब ग्रीनवुड, मिसिसिपीत मोटेलमध्ये राहतं. मुलगी मीना आणि गालिचे धुण्याचा धंदा करणारा डिमिट्रियस यांचं प्रेम जमतं. मोटेलवाल्या समाजाला काळा जावई नको, आणि तेवढ्यापुरती त्यांची आणि गोऱ्या गावकऱ्यांची भाषा एक होते. स्वतः वर्णभेदाने घर गमावलेली माणसं नव्या गावात तोच भेद पाळतात. दक्षिणेच्या जुन्या देण्यात आपणही कर्जदार म्हणून नाव नोंदवलं, हे त्या चित्रपटाने तेव्हाच सांगितलं. जातीचं नाव काढलं की अस्वस्थ होणाऱ्या मंडळांनी तो एकदा एकत्र बसून बघावा.

आणि छोटा मराठी चित्रपट इथे लावायचा असेल तर काही गोष्टी निर्मात्यानेच सांभाळाव्यात. चित्रपटाची डिजिटल प्रत कुलूपबंद असेल तर तिची किल्ली ठरावीक थिएटरच्या ठरावीक यंत्रासाठी आणि ठरावीक वेळेपुरती चालते. तो वेळ जागतिक वेळेत लिहिलेला असतो. भारतीय वेळेने शनिवार-रविवार धरून किल्ली केली, तर अटलांटात रविवारच्या दुपारच्या खेळाआधीच ती संपते. किल्ली दोन्ही बाजूंनी एक दिवस जास्तीची घ्यावी आणि थिएटरला आदल्या दिवशी पाच मिनिटं चालवून बघायला सांगावं. सबटायटल पांढरी आणि नायकाचं धोतर पांढरं, अशी जोडी झाली तर अर्धे संवाद वाचता येत नाहीत. अक्षरांना बारीक काळी कड हवी, ओळीत चाळीसच्या आत अक्षरं, आणि 'परसदार', 'बलुतं', 'सोवळं' यांसारख्या शब्दांना एका शब्दात उरकू नये. इथे जन्मलेल्या मुलांना तो शब्द पहिल्यांदा तिथेच भेटतो.

लुइझियानात मिसिसिपी नदीच्या काठी 'व्हिटनी' नावाचा जुना मळा आहे. २०१४ साली तो संग्रहालय म्हणून उघडला, आणि त्याचा सगळा भर तिथे राबलेल्या गुलामांवर आहे. तिथे मार्गदर्शक आधी भिंतीवर कोरलेली त्यांची नावं दाखवतो, मग त्यांच्या झोपड्या. मालकाचं मोठं घर सर्वांत शेवटी. वाईला किंवा कुडाळला वाडा घेणाऱ्या दिग्दर्शकाने पहिल्या दिवसाचं कॉल शीट याच क्रमाने लिहून बघावं. पहाटे पावणेसहा, परसदार, आड, रहाट. पाणी भरणारी बाई, एक मडकं, एक कळशी. वाड्यातला आवाज फक्त आतून. दिंडी दरवाजा चौथ्या दिवशी.